फाल्सिपॅरमच्या स्लाइडवर फक्त रिंगाच का दिसतात?

तेलभिंग

नमस्कार. पुस्तकातल्या चित्रात हिवतापाच्या परजीवीचं रक्तातलं चक्र एका गोलात मांडलेलं असतं : रिंग, ट्रोफोझोइट, शायझॉन्ट, मग पेशी फुटून मेरोझोइट, म्हणजे नवी पिल्लं, बाहेर. या परजीवीच्या दोन जाती व्हायवॅक्स आणि फाल्सिपॅरम. व्हायवॅक्सच्या स्लाइडवर हे सगळं एकाच थेंबात सापडतंही. फाल्सिपॅरमच्या स्लाइडवर मात्र बारीक रिंगांची गर्दी, क्वचित केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट (डासात जाणारी लैंगिक अवस्था), आणि मधलं काहीच नाही.

तीन प्रश्न आहेत. रिंगेनंतरच्या अवस्था जातात कुठे? लाल पेशीला ना केंद्रक, ना नवी प्रथिनं बनवायची सोय. अशा पेशीत परजीवी शिरतो कसा आणि ४८ तास जगतो कशावर? आणि दोन रुग्णांचा काउंट, म्हणजे परजीवी असलेल्या लाल पेशींचं प्रमाण, सारखाच, १ टक्का, असताना एक चालत घरी जातो आणि दुसरा आयसीयूत, हे कसं?

"सिक्वेस्ट्रेशन" हा एक शब्द पुस्तकात आहे, पण त्याने समाधान होत नाही. कोणत्या तासाला नेमकं काय घडतं ते कुणी सांगेल का?

रक्तचंदन

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

मेरोझोइट जेमतेम सव्वा ते दीड मायक्रॉन लांबीचा, लाल पेशी सात-साडेसात मायक्रॉन व्यासाची. मेरोझोइटचा आकार पेरूसारखा, एका बाजूला निमुळता. त्या निमुळत्या टोकाशी रॉप्ट्री आणि मायक्रोनीम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि शिरण्याचं सगळं सामान त्यांत भरलेलं असतं. पहिला स्पर्श कुठल्याही बाजूने होतो आणि तो सैल असतो. मग मेरोझोइट पेशीवर लोळतो, पेशीचा पापुद्रा हेलकावे खातो आणि निमुळतं टोक बरोबर पेशीकडे वळतं. इथे परजीवीचं आरएच५ हे प्रथिन पेशीवरच्या बॅसिजिनला धरतं. फाल्सिपॅरमकडे ग्लायकोफोरिनसारखे इतर पर्याय बरेच आहेत, एक बंद झाला तर दुसरा वापरतो. बॅसिजिनला मात्र पर्याय नाही. हे २०११ साली कळलं आणि तेव्हापासून रक्तातल्या अवस्थेवरच्या लशीसाठी आरएच५वर इतका जोर आहे.

यापुढची पायरी मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. परजीवी आपलं आरओएन२ नावाचं प्रथिन लाल पेशीच्या पापुद्र्यात खुपसतो आणि मग आपल्याच अंगावरच्या एएमए१ने ते पकडतो. म्हणजे कडी आणि कोयंडा, दोन्ही त्याचेच. या पकडीचं एक कडं तयार होतं. अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या जोरावर परजीवी त्या कड्यातून स्वतःला आत ओढतो आणि कडं मागे सरकत जाऊन शेवटी मिटतं. पहिल्या स्पर्शापासून आत जाईपर्यंत साधारण एखादं मिनिट, प्रत्यक्ष घुसायला त्यातले २०-३० सेकंद. पेशी फुटत नाही. तिचाच पापुद्रा आत वळून परजीवीभोवती पिशवी होते. नंतर काही मिनिटं ती पेशी काटेरी दिसते आणि पुन्हा गोल होते.

ही घाई का, तर मोकळा मेरोझोइट ३७ अंशांना काही मिनिटांतच शिरण्याची ताकद गमावून बसतो. प्रतिपिंडांना त्याला उघड्यावर गाठायची संधी तेवढीच. आत गेला की सुरक्षित : पेशीच्या आतलं बाहेर दाखवणारे एमएचसी रेणू लाल पेशीवर नसल्याने मारक टी-पेशींना आत कोण बसलंय हे कळायचा मार्गच नाही. पेशी रिकामी असणं ही परजीवीची अडचण आहे, तशीच सोयही.

अडचण अशी की या पेशीत माल इकडून तिकडे न्यायची यंत्रणाच नाही. ती परजीवीला स्वतः उभारावी लागते. पिशवीच्या पापुद्र्यात पीटेक्स नावाचा दरवाजा बसतो, त्यातून शेकडो प्रकारची प्रथिनं पेशीच्या द्रवात जातात. मॉरर्स क्लेफ्ट नावाच्या चपट्या पिशव्या तयार होतात. जिम्सा या स्लाइडच्या रंगात त्याच मॉररचे ठिपके म्हणून दिसतात. तिथून पीएफईएमपी१ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर चढतं. पृष्ठभागावर १०० नॅनोमीटरच्या आसपासच्या गाठी उठतात, त्यांना नॉब म्हणतात, आणि पीएफईएमपी१ त्यांच्यावर बसतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. शिरल्यापासून साधारण १६ ते २० तासांनी नॉब आणि पीएफईएमपी१ पुरेसे तयार झाले की ती लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटते (हेच सिक्वेस्ट्रेशन), अस्तरावरच्या वेगवेगळ्या रेणूंना धरून : सीडी३६ला, आयसीएएम-१ला, मेंदूच्या गंभीर हिवतापात ईपीसीआरला, गर्भवतीच्या वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट-एला. उरलेला सगळा वेळ, म्हणजे ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट या दोन्ही अवस्था, ती तिथेच काढते. बोटाच्या किंवा शिरेच्या रक्तात येतात त्या फक्त न चिकटलेल्या, म्हणजे पहिल्या १६-२० तासांतल्या पेशी. तुम्हाला दिसतात त्या रिंगा याच.

चिकटून राहण्याचं कारण प्लीहा. परजीवी वाढतो तशी पेशी ताठ होत जाते. प्लीहेतल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्या. निरोगी पेशी दुमडून पार होते, ताठ पेशी अडकते आणि तिथल्या भक्षकपेशी तिला गिळतात. वाहिनीला चिकटलेली पेशी प्लीहेपर्यंत पोचतच नाही. याचा पुरावा प्रयोगशाळेतल्या कल्चरमध्ये मिळतो. फ्लास्कमध्ये प्लीहा नाही, त्यामुळे चिकटायची गरज नाही. वर्षानुवर्षं वाढवलेल्या काही स्ट्रेनमधून नॉबसाठी लागणारं जनुकच, क्रोमोसोम २च्या टोकाचा तुकडा तुटून, गळून गेलेलं आढळतं. कल्चरच्या स्लाइडवर फाल्सिपॅरमचे शायझॉन्ट भरपूर दिसतात.

आणि जगतो कशावर, तर हिमोग्लोबिनवर. पेशीतलं निम्म्याहून बरंच अधिक हिमोग्लोबिन तो खातो. अन्नपिशवीत आम्लता पाच-साडेपाच पीएचची, तिथे प्लाझ्मेप्सिन आणि फाल्सिपेन ही विकरं ते तोडतात. उरतो हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, तो परजीवीला विषारी. म्हणून त्याचे स्फटिक बनवून ठेवतो : हिमोझोइन, स्लाइडवर दिसणारं तपकिरी-सोनेरी पिगमेंट तेच. गंमत म्हणजे प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल अजिबात नसतं. ते प्लाझ्मातून आणावंच लागतं, त्यासाठी परजीवी लाल पेशीच्या पापुद्र्यात नवे मार्ग उघडतो. कल्चर करणारे ५ टक्के सॉर्बिटॉलने सिंक्रोनाइझ करतात, म्हणजे सगळे परजीवी एका वयाचे ठेवतात, ते याच मार्गांच्या भरवशावर : मोठ्या ट्रोफोझोइटच्या पेशीत सॉर्बिटॉल शिरतं, मागून पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते, रिंगेच्या पेशीत मार्ग अजून उघडलेले नसतात, म्हणून ती वाचते.

साधारण तिसाव्या तासानंतर केंद्रकांची विभागणी सुरू होते. पेशीद्रव एकच आणि त्यात केंद्रकं वाढत जातात. शेवटी एकदम तुकडे पडून १६ ते ३२ मेरोझोइट होतात. आधी आतली पिशवी फाटते, मग काही मिनिटांनी लाल पेशी स्फोटासारखी उलगडते. परजीवीचा कचरा, हिमोझोइन, पापुद्र्यातली ग्लायकोलिपिडं रक्तात येतात आणि हुडहुडी भरते. तापाचा आणि या फुटण्याचा मेळ कॅमिलो गोल्जीने १८८६ साली घातला. आपल्याकडच्या आयुर्वेदातले तृतीयक आणि चतुर्थक ज्वर म्हणजे पहिला दिवस धरून मोजलेले तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीचे ताप. मोजायची पद्धत लॅटिनमधल्या टर्शियन, क्वार्टनसारखीच. फाल्सिपॅरमच्या टोळ्या बहुधा एका वेळेला फुटत नाहीत, म्हणून ताप अनियमित.

काचपट्टी

वरचं उत्तर सविस्तर आहे, मी तिसऱ्या प्रश्नाकडे आणि प्रत्यक्ष स्लाइडकडे वळते.

काउंट सांगतो तो फक्त वाहत्या रक्तातल्या परजीवींचा. चिकटलेले त्यात धरलेलेच नाहीत. म्हणून काउंटसोबत रिंगेचं वय पाहा. नाजूक, पातळ रिंगा, पिगमेंट नाही : परजीवी तरुण, म्हणजे बहुतेक सगळे अजून फिरते आहेत. जाड रिंगा, पेशीद्रव भरलेला, त्यात पिगमेंटचे कण : हे चिकटण्याच्या उंबरठ्यावरचे आहेत आणि यांच्या पुढचे बरेच आधीच चिकटलेले असण्याची शक्यता मोठी. परजीवींपैकी २० टक्क्यांहून अधिकांत पिगमेंट दिसलं किंवा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून अधिकांच्या पोटात ते सापडलं, तर काउंट कमी असला तरी रुग्ण धोक्यात समजावा. हे निरीक्षण फुकट आहे, फक्त पांढऱ्या पेशींकडे थोडा वेळ जास्त बघावं लागतं.

उलटंही होतं. रुग्णातले बहुतेक परजीवी एका वयाचे, ३० तासांच्या आसपासचे असतील तर स्लाइड जवळजवळ रिकामी दिसेल. एका निगेटिव्हवर फाल्सिपॅरम नाही असं लिहू नका, १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घ्या. त्या मधल्या वेळात शायझॉन्ट फुटून नव्या रिंगा बाहेर येतात.

आता मोजणी. जाड स्मिअरला (काचेवर पसरलेल्या थेंबाला) ६ मायक्रोलिटर रक्त, पातळला २. जाड थेंब पसरून वाळल्यावर त्याखालचा छापील मजकूर जेमतेम वाचता यावा. जाड भागाला मिथेनॉल लागू देऊ नका. लागलं की हिमोग्लोबिन सुटत नाही आणि भिंगाखाली गढूळ जांभळा थर दिसतो. २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत १०० किंवा जास्त परजीवी मिळाले तर थांबा, नाहीतर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा. समजा २०० पांढऱ्या पेशींमागे १२० परजीवी, आणि मायक्रोलिटरला ८,००० पांढऱ्या पेशी धरल्या : १२० भागिले २०० गुणिले ८,००० म्हणजे मायक्रोलिटरला ४,८००. मायक्रोलिटरला ५० लाख लाल पेशी धरल्या तर हे ०.१ टक्क्याच्या आसपास. गॅमेटोसाइट या आकड्यात मिसळायचे नाहीत, वेगळे लिहायचे. निगेटिव्ह म्हणण्याआधी जाड भागात १००च्या लेन्सखाली किमान १०० फील्ड.

चुका कुठे होतात? लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट रिंगेसारखी दिसते. तिच्याभोवती फिकट वलय असतं आणि फोकस हलवला की ती वरच्या पातळीवर असल्याचं कळतं. जिम्साचा बफर ७.२ पीएचचा हवा. ६.८वर, म्हणजे रक्तशास्त्राच्या नेहमीच्या रंगात, शफनरचे ठिपके उमटत नाहीत आणि व्हायवॅक्स ओळखायची मोठी खूण हातची जाते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं तर परजीवींचे आकार बिघडतात : व्हायवॅक्सचे पसरट ट्रोफोझोइट गोळा होऊन गॅमेटोसाइटसारखे दिसतात, फाल्सिपॅरमची केळी गोल होतात. शक्यतो तासाभरात स्मिअर काढा.

तेलभिंग

दोघांचेही मनापासून आभार. रिंगेचं वय पाहायचं हे कुठेच वाचलं नव्हतं. दोन शंका उरल्या. व्हायवॅक्सची पेशी चिकटत नाही, मग प्लीहा तिला सोडते कशी? आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काउंट वाढलेला दिसला, तर औषध लागू पडलं नाही असं समजायचं का?

नवी_पेशी

व्हायवॅक्सचा मार्गच वेगळा आहे. तो फक्त रेटिक्युलोसाइटमध्ये, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशीत शिरतो. त्याला दोन खुणा लागतात : तरुण पेशीवरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर, जो पेशी पिकली की निघून जातो, आणि लाल पेशीवरचं डफी प्रतिजन. डफी नसलेल्यांना व्हायवॅक्स सहसा होत नाही हे १९७६ साली लुई मिलर यांच्या गटाने दाखवलं. मोठ्या प्रमाणावर डफी-निगेटिव्ह असलेल्या पश्चिम आफ्रिकेत व्हायवॅक्स इतका कमी का, त्याचं उत्तर तेच. पण ही भिंत अभेद्य नाही. मादागास्करमध्ये डफी-निगेटिव्ह लोकांतही व्हायवॅक्स सापडला आहे.

रेटिक्युलोसाइट रक्तात एक-दोन टक्केच, म्हणून व्हायवॅक्सचा काउंट २ टक्क्यांच्या वर क्वचितच जातो. स्लाइडवर पेशी मोठी दिसते आणि परजीवी अमिबासारखा पसरलेला. मुद्दा असा की व्हायवॅक्सने व्यापलेली पेशी ताठ होण्याऐवजी उलट जास्त लवचीक होते, म्हणून फटींतून निसटते.

पण "व्हायवॅक्सचं सगळं रक्तातच दिसतं" हे पूर्ण खरं धरू नका. इंडोनेशियातल्या पापुआमध्ये काढलेल्या प्लीहांच्या अभ्यासात व्हायवॅक्सचे परजीवी प्लीहेतच प्रचंड संख्येने आढळले आणि बोनमॅरोतही ते साठतात. स्लाइड इथेही एक भागच दाखवते, फक्त कारण निराळं.

जोडीला परजीवीच्या आणखी दोन जाती : प्लाझ्मोडियम मलेरीच्या चक्राचा काळ ७२ तास आणि शायझॉन्टमध्ये ६ ते १२ मेरोझोइट, प्लाझ्मोडियम नोलेसाय २४ तासांत चक्र पुरं करतो, म्हणून तिथे सकाळचा काउंट संध्याकाळी जुना झालेला असतो.

रक्तचंदन

औषधाच्या शंकेचं उत्तर पुन्हा त्याच १६-२० तासांच्या रेषेवर आहे.

क्विनीनचा मारा मुख्यतः मोठ्या ट्रोफोझोइटवर. कोवळ्या रिंगेला ते फारसं काही करत नाही. त्यामुळे पहिल्या २४ तासांत चिकटलेले शायझॉन्ट फुटून नव्या रिंगा रक्तात आल्या की काउंट वाढतो, क्विनीन नीट काम करत असतानाही. आर्टेसुनेट कोवळ्या रिंगाही मारतं, म्हणजे पेशी चिकटण्याआधीच. गंभीर हिवतापात त्याने जीव वाचतात ते यामुळे. २००५ साली बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १,४६१ रुग्णांच्या चाचणीत क्विनीनवर २२ टक्के मृत्यू झाले, आर्टेसुनेटवर १५ टक्के. तरीही आर्टेसुनेटच्या पहिल्या १२ तासांत काउंट थोडा वर गेला, तर घाबरू नका. आधीच पिकलेले शायझॉन्ट फुटतातच. दर १२ तासांनी मोजा. तिसऱ्या दिवशीही परजीवी दिसत असतील तर मात्र ती गोष्ट गांभीर्याने घ्यायची.

आर्टेमिसिनिनला (आर्टेसुनेट याच गटातलं) दाद न देण्याची गोष्टही रिंगेतच घडते. हे औषध हीममधल्या लोहाने जागं होतं. केल्च१३ जनुकात बदल झालेली रिंग हिमोग्लोबिन कमी गिळते, हीम कमी सुटतो आणि औषध तिथे पुरेसं जागंच होत नाही. शरीरातून औषध काही तासांत निघून जातं आणि ती रिंग पुढे वाढू लागते. कंबोडियात हे आधी उघड झालं. क्लोरोक्विनचं गणित निराळं : ते अन्नपिशवीत साठून हीमचे स्फटिक होऊ देत नाही; प्रतिकारक फाल्सिपॅरमचं पीएफसीआरटी प्रथिन ते पिशवीबाहेर काढून टाकतं.

आर्टेसुनेटनंतर आणखी एक बघायचं. प्लीहा काही पेशींतला मेलेला परजीवी तेवढा उपसून काढते आणि पेशी रक्तात परत सोडते. या पेशींचं आयुष्य कमी. त्या एक ते तीन आठवड्यांनी एकदम फुटल्या की हिमोग्लोबिन घसरतं. म्हणून रुग्णालयातून सोडल्यानंतर चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासावं.

स्लाइडवर केळी उरलीत म्हणून उपचार फसला असंही नाही. फाल्सिपॅरमचा गॅमेटोसाइट तयार व्हायला १० ते १२ दिवस लागतात, त्यातला बहुतेक काळ तो बोनमॅरोत असतो आणि पिकल्यावर रक्तात येतो. पिकलेल्या गॅमेटोसाइटवर नेहमीची औषधं फारशी चालत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विनचा एक डोस. तो गर्भवतींना, तान्ह्या बाळांना आणि जी६पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना देत नाहीत.

वैनगंगा

विदर्भासाठी एक भर. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यात फाल्सिपॅरमही आहे आणि सिकलसेलचं जनुकही. दोन्ही एकत्र असणं योगायोग नाही. सिकलचा एकच जनुक असलेली, म्हणजे एएस व्यक्ती गंभीर फाल्सिपॅरमपासून बरीच वाचते हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवलं. त्याचं कारणही वरच्या चर्चेतलंच : रिंगेची पेशी प्राणवायू भरपूर असलेल्या रक्तात फिरते, तोवर फरक पडत नाही. चिकटून बसली की ती कमी प्राणवायूच्या जागी ४८पैकी जवळपास ३० तास काढते. तिथे सिकल हिमोग्लोबिनचे तंतू बनतात आणि परजीवीची वाढ थांबते. शिवाय अशा पेशीवर नॉब वेडेवाकडे आणि पीएफईएमपी१ कमी, म्हणून पकडही ढिली.

पण एसएस, म्हणजे सिकलचे दोन्ही जनुक असलेल्या रुग्णाला हे संरक्षण लागू करू नका. त्याच्यात हिवताप झाला की रक्तक्षय झपाट्याने वाढतो आणि जीवावर बेततं. एएस असलेल्यालाही हिवताप होतोच, फक्त गंभीर होण्याचं प्रमाण कमी. सिकल पॉझिटिव्ह आहे म्हणून स्मिअर टाळलं, असं होता कामा नये.

तेलभिंग

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो : रॅपिड किट पॉझिटिव्ह आणि स्लाइड निगेटिव्ह आली, तर रिपोर्टात काय लिहावं?

काचपट्टी

आधी विचारा, गेल्या महिन्याभरात हिवतापाचा उपचार झाला होता का. किट ज्याला शोधतं ते परजीवीचं एचआरपी२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे किट पॉझिटिव्ह येत राहतं. उपचार झालेला नसेल तर तेच प्रथिन चिकटलेल्या परजीवींचीही खबर देतं, कारण शायझॉन्ट फुटताना ते प्लाझ्मात सांडतं आणि तिथून सगळीकडे पसरतं. अशा वेळी निगेटिव्ह स्लाइडवर विसंबू नका, पुन्हा स्मिअर काढा आणि डॉक्टरांना फोन करून सांगा. उलट, किट निगेटिव्ह आणि स्लाइडवर रिंगा दिसल्या तर स्लाइड खरी माना : काही फाल्सिपॅरममध्ये एचआरपी२चं जनुकच नसतं, पेरू आणि इरिट्रियात असे परजीवी नोंदले गेले आहेत.

रिपोर्टात या सगळ्या गोष्टी एका ओळीत बसतात. नमुना : "प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम, रिंगा, मायक्रोलिटरला ४,८००, रिंगांत पिगमेंट १० टक्के, न्यूट्रोफिलमध्ये पिगमेंट २ टक्के, गॅमेटोसाइट नाहीत, रक्त घेतल्याची वेळ सकाळी ७.४०." वेळ लिहायला विसरू नका, पुढचा काउंट तिच्याशीच ताडून बघायचा असतो.